इंग्रजीची सावड

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाड्या धावू लागतात. ताडपत्रीतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतो आणि महिनाभर तिथंच लोंबत राहतो. परवा पाचोडकडून आलेल्या पाहुण्यांच्या गाडीच्या वायपरमध्ये असाच एक पुंजका अडकून आला. पाहुणे आत चहा पीत होते आणि मी बाहेर उभी राहून तो पुंजका सोडवत होते. आत सरकी होती. दोन बोटांत ती चाचपली आणि मग माझं पाहुण्यांकडे काही लक्ष राहिलं नाही.

"आजी, फेकू नकोस तो," माझी नात सानिका धावत आली. "मला कापसावर प्रोजेक्ट करायचाय. इंग्लिशमध्ये. ग्रुपचा आहे."

ग्रुपचा म्हणजे कसा, तर एका कागदावर चार मुलींची नावं. बाकी सगळं आयतं. औरंगपुऱ्यात म्हणे असे प्रोजेक्ट करून मिळतात: चित्रं, मजकूर, थर्मोकोलची बोंडं आणि वरून चमकी. सूनबाई म्हणाली, "आई, आजकाल असंच असतं." असंच असतं, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आयुष्यभर मास्तरकी केल्यावर नाकावर जो राग बसतो, तो पेन्शन सुरू झाली म्हणून उतरत नाही. पण त्या दिवशी मी भांडले नाही. हातात कापूस होता आणि मन तिकडे, आडूळच्याही पुढे जाऊन पोचलं होतं.

पाचोडच्या अलीकडे एका गावातल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत असे. शहरातून रोजचं अपडाऊन. सकाळची लाल एसटी, तिची न लागणारी काच, कानाला बांधलेला रुमाल आणि मांडीवर पोळीभाजीचा डबा. आडूळ मागं पडलं की मोसंबीच्या बागा दिसायच्या आणि मोसंबीच्या मध्ये मध्ये काळ्या रानात पांढरा शुभ्र कापूस. दव इतकं असायचं की कोवळं ऊन पडलं की सगळं रान ओलं चमकायचं. मी ते बघत बसायची आणि मनातल्या मनात एक प्रार्थना करायची, की आज आपल्याशी कुणी इंग्रजीत बोलू नये.

हसू नका. मी इंग्रजीची शिक्षिका होते आणि मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. वाचता येत होतं, व्याकरण पाठ होतं, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं होतं. धड्याचा अर्थ मी मराठीत असा रंगवून सांगायची की पोरं बाक सोडून पुढं येत. पण समोरच्यानं इंग्रजीत साधं काही विचारलं तरी माझी कसरत सुरू व्हायची. आधी मराठीत वाक्य जुळवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग ते तपासायचं. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. हे गुपित मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी शहरात आमचं प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं, की भाषा फळ्यावरून शिकवू नका, मुलांचे गट करून एखादं खरं काम द्या, ते काम इंग्रजीतून करू द्या. मला ते ऐकून जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. म्हणजे बोलायचं मुलांनी! परत आले आणि नववीच्या तीस पोरांचे पाच गट केले. काम दिलं: आपल्या गावावर इंग्रजीत पुस्तक करायचं. एका गटाला कापूस, एकाला आठवडी बाजार, एकाला मोसंबीची बाग, एकाला जेवणखाण, एकाला गावातले कारागीर. प्रत्येक गटाची वही वेगळी. आणि मी, जन्माची मास्तरीण, नियमही ठोकून दिला, की आपली वही दुसऱ्या गटाला दाखवायची नाही, ज्याचं चांगलं त्याला मार्क जास्त.

हेडसरांना हे सगळं फारसं रुचलं नव्हतं. ते टेबलावरचं गाइड माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मॅडम, हे बघा, पोरांना लिहायला नाही येत आन् तुम्ही पुस्तक करायला बसवलं. महिन्याभरानं तपासणीला साहेब येणारेत. साहेबांनी नाही म्हणलं तर दुसऱ्या दिवसापासून गाइड. चालंल?"

"चालंल," मी म्हणाले. तपासणीचे साहेब इंग्रजीत बोलतात हे मला माहीत होतं.

त्या महिन्याचा वास मला अजून येतो. वर्गात सोललेल्या मोसंबीचा वास, पोरांच्या दप्तरातल्या ज्वारीच्या भाकरीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास, शाईचा वास. पहिले दोन दिवस वर्गात बाजार भरल्यासारखा गलका. बाजारच्या गटाची प्रमुख रेहाना होती, टेलर इस्माईलभाईंची मुलगी. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या, घरात दखनी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत सारखीच फटकळ. बाजारच्या दिवशी इस्माईलभाई मशीन घेऊन बसत आणि ती काजं करायला शेजारी. बांगडीवाल्यापासून बैलांच्या घुंगरांपर्यंत सगळ्यांची इंग्रजी नावं तिला हवी होती. "मॅडम, घुंगराला काय म्हणायचं?" मी म्हणायची, डिक्शनरी बघ. मला माहीत नाही हे सांगायची माझी छाती नव्हती.

आणि मग वेचणी सुरू झाली. आमच्याकडं वेचणी सुरू झाली की वर्गाला गळती लागते. हजेरी घेताना एकामागं एक नावांना नुसती शांतता. कापसाच्या गटात सहा पोरं, त्यातली चार रानात. गटप्रमुख अंकुश तर आठवड्यातून दोनदाच दिसायचा, बोटांवर बोंडाच्या वाळल्या, टोकदार नख्यांचे ओरखडे घेऊन. मी त्याला म्हणाले, "अंकुश, तुझ्या गटाची वही कोरी राहणार." तो खाली बघत म्हणाला, "नाय राहणार मॅडम." मला वाटलं, पोरगं नुसतं तोंडदेखलं बोलतंय.

पंधरा दिवसांनी वह्या तपासायला घेतल्या. कापसाची वही भरलेली! बाजाराची भरलेली, बागेची भरलेली. मी खूश होऊन वाचायला लागले आणि तिसऱ्या पानावर थांबले. बाजाराच्या वहीत अंकुशचं अक्षर. त्याच्या अक्षरांना खाली आकड्यासारखं शेपूट असायचं, ते मी हजारात ओळखलं असतं. कापसाच्या वहीत रेहानाचं तिरपं अक्षर. सगळ्या वह्यांत सगळ्यांची अक्षरं. माझ्या डोक्यात एकच शब्द उठला: कॉपी. माझ्या डोळ्यांसमोर साहेब, हेडसर आणि ते गाइड.

वर्गात जाऊन मी पाचही वह्या टेबलावर आपटल्या. "कुणी केलं हे?"

रेहाना उठली. "मॅडम, मी सांगितलं सगळ्यांना. पण ही कॉपी नाय."

"मग काय आहे?"

ती सांगायला लागली होती. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि मी तो ऐकून घेतला नाही. ही माझ्या आयुष्यातली एक गोष्ट आहे, की जी आठवली की आजही कानशिलं तापतात. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं, तिचं गटप्रमुखपण काढून घेतलं आणि वह्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी रेहाना शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली, एसटी चुकली, पुढची दोन तासांनी. फाट्यावर लिंबाखाली उभी राहिले. समोर अंकुशचं रान होतं. रानात माणसं दिसत होती, पण ती जरा बुटकी वाटली. नीट पाहिलं तर माझा वर्ग. सगळा नववीचा वर्ग कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होता, आणि त्यात रेहानाही होती. मी ढेकळं ओलांडत, ठेचकाळत बांधावर गेले.

अंकुशची आई बांधावर भाकरीचं गठुडं सोडत होती. मला पाहून तिनं पदर सावरला. "या की मॅडम. बसा. तुमचीच सावड चालू हाय."

"माझी?"

"व्हय, इंग्रजीची. लेकरं म्हणली, आंकुश रानात आडकलाय तर आपुन समदे जाऊन त्याचा कापूस येचू, मंग तो बी मोकळा आन् आपुन बी. मंग बांधावर बसून त्याची वही ल्ह्यायची. उद्या सखूच्या रानात, मंग सखूची वही. काल इस्माईलभाईच्या ओट्यावर बसले व्हते समदे, काजं करू लागले." ती हसली. "कुळवणीला आमी जसं एकमेकाच्या रानात जातो, तसंच. लई चांगलं लावलं तुमी लेकरांना."

मी लावलं होतं! मी तर वही दाखवू नका म्हणून लावलं होतं. या पोरांना गट म्हणजे काय ते माझ्या प्रशिक्षणाआधी पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं, मग दुसऱ्याच्या, आणि कुणाची पाळी चुकवायची नाही. मी तीस पोरांचे पाच तुकडे करून दिले आणि त्यांनी गुपचूप ते पुन्हा जोडून टाकले. रोज एका गटाचा विषय, सगळ्यांची बोटं. ज्याचं रान त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी शब्द शोधायचे, मग भांडून एक वाक्य ठरवायचं. वह्या कुलुपात गेल्यावर ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत होती.

मी रेहानासमोर गेले. तिनं ओटीतला कापूस खाली ओतला, पण वर पाहिलं नाही.

"शाळेत का नाही आलीस?"

"तुमी भाईर उभं केलं म्हून."

"मग इथं कशी आलीस?"

तिनं आता वर पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "आज अंकुशची पाळी हाय मॅडम. सावडीला रुसून चालत नाय."

मला तिथंच रडू आलं. मी चष्मा पुसत सगळ्यांच्या देखत म्हणाले, "रेहाना, माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही." आमच्या काळी शिक्षकानं असं म्हणायची रीत नव्हती. पोरं गोंधळली. सखू नावाची एक भाबडी पोर तर म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, आसं व्हतं कधी." मग अंकुशच्या आईनं माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा. बांधावर बसून मी ती खाल्ली आणि पोरांनी मला कॅलेंडरच्या पाठी वाचून दाखवल्या. चुका होत्या, भरपूर होत्या. पण कापूस ओला असताना का वेचत नाहीत, वाळला पाला त्यात का येऊ द्यायचा नाही, पहिली वेचणी कशी पांढरी आणि शेवटची कशी पिवळट, किडकी कवडी, हे सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं होतं. माझ्या कोणत्याही गाइडात ते नव्हतं.

सोमवारी कुलूप उघडलं. पाच वह्यांचं एकच पुस्तक करायचं ठरलं. ते बांधायचं कसं? रेहानानं वह्या घरी नेल्या. संध्याकाळी मीही मागोमाग गेले, माझं चुकलं हे तिच्या घरच्यांनाही मला सांगायचं होतं. इस्माईलभाईंनी माझं सगळं ऐकलं, सुई तोंडातून काढली आणि म्हणाले, "जाने दो मॅडम. बच्ची घर में भी यैच करती, पूछती नै, करके रखती." मग त्यांनी त्या पाच वह्या शिलाई मशीनखाली घातल्या आणि लाल दोऱ्यानं खडखडखड करत एकाला एक शिवून टाकल्या. पुस्तक जरा वाकडं झालं. ते म्हणाले, "कुर्ता होता तो उसवके फिर सीता. ये रहने दो."

तपासणीच्या दिवशी मी पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. इस्त्रीची साडी नेसले होते. साहेब वर्गात आले, सोबत हेडसर. साहेबांनी ते वाकडं, लाल टाक्यांचं पुस्तक उलटसुलट पाहिलं. सगळ्या पानांवर वेगवेगळी अक्षरं बघून त्यांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी इंग्रजीत विचारलं, की हे नेमकं कुणी लिहिलं. तीसच्या तीस पोरं उभी राहिली.

साहेब माझ्याकडे वळले. "टेल मी, मॅडम, हाऊ डिड यू मॅनेज धिस?"

झालं. ज्या क्षणाला मी जन्मभर घाबरले होते, तो समोर येऊन उभा राहिला. मी तोंड उघडलं. मनात मराठी वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक होतं, पण त्याचं इंग्रजी काही केल्या येईना. माझी नजर हेडसरांवर गेली, मग पोरांवर. आणि रेहानानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. माझं गुपित त्या क्षणी एका नववीतल्या पोरीला कळलं, आणि तिनं कुणाला काही न विचारता, नेहमीसारखंच, करून टाकलं.

"सर, वी डू सावड," ती म्हणाली.

"व्हॉट इज सावड?"

"टुडे ऑल कम टू हिज फील्ड," सखू म्हणाली.

"टुमारो ऑल गो टू हर हाऊस," मागच्या बाकावरून कुणीतरी.

"वन मॅन टेल, ऑल राइट."

"अँड ऑल ईट, सर." यावर वर्ग हसला, साहेबही हसले.

मग अंकुश उभा राहिला, हजेरीपटात सगळ्यांत जास्त कोरी जागा ज्याच्या नावापुढं होती तो. सावकाश, एकेक शब्द निवडत म्हणाला, "सर, आय अॅम अॅबसेंट, बट माय वर्क इज प्रेझेंट."

साहेबांनी पेन काढलं. शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर दहादा वाचलं. शेरा मराठीत होता: उपक्रम चालू ठेवावा. हेडसरांनी गाइड टेबलाच्या खणात टाकलं आणि मला चहा मागवला, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

ही सगळी गोष्ट मी परवा सानिकाला सांगितली नाही. सांगून काय होतं? मी एवढंच म्हणाले, की तुझ्या ग्रुपातल्या त्या तिघींना रविवारी आपल्या गच्चीवर बोलाव आणि कात्री-डिंक आणा, चमकी आणू नका. सूनबाईनं कपाळाला हात लावला. रविवारी गच्चीवर सरकी, कागद आणि खिचडीची ताटं असा पसारा झाला की विचारू नका. चौघी आधी भांडल्या, मग रुसल्या, मग एकीला दात काढायला जायचं होतं म्हणून तिचा भाग उरलेल्या तिघींनी केला. मी खुर्चीत उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि मला आतून फार बरं वाटत होतं. त्याच दुपारी रेहानाचा फोन आला. ती आता सिल्लोडला असते, घरी पोरींना शिवण शिकवते, आणि वेचणी सुरू झाली की दरवर्षी न चुकता फोन करते. "मॅडम, आमच्याकडं कापूस फुटलाय," एवढंच आधी म्हणते. मी म्हणते, "आमच्याकडंही." मग आम्ही दोघी हसतो.

का हसतो, ते सांगायचं राहिलं. तपासणीनंतरच्या सोमवारी पोरांनी मला घेरलं. रेहाना पुढं. "मॅडम, त्या दिवशी साहेबासमोर तुमची पाळी व्हती. आमी केली. आता तुमी आमच्या पाळीला यायचं."

चुकवता येणार नव्हतं. रविवारी, सुट्टी असून, एसटी पकडून मी अंकुशच्या रानात गेले. साडीचा पदर खोचला, अंकुशच्या आईनं ओटी बांधून दिली. वाटलं होतं, काय कठीण आहे, फुललेला कापूस तर आहे, ओढायचा. पहिल्याच बोंडाला मी असा हिसका दिला की अख्खं बोंड हातात आलं आणि नख्या बोटात शिरल्या. शेजारच्या ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पोरं धावत आली. त्यांनी मला गराडा घातला आणि सगळी एकदम बोलायला लागली. मला शिकवत होती. आणि शिकवताना, कुणी सांगितलं नसताना, वर्ग नसताना, फळा नसताना, ती इंग्रजीत बोलत होती.

"नॉट लाइक दॅट, मॅडम."

"स्लोली. सी माय फिंगर्स."

"फर्स्ट होल्ड, देन पुल. नो लीफ, मॅडम, नो लीफ!"

रेहानानं माझं बोट धरून बोंडाच्या कडेनं आत नेलं, पाकळी न दुखवता. बोटातून रक्ताचा एक थेंब आला होता, तिनं तो ओढणीनं पुसला. मी पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. कुणीतरी हसलं, आणि मी मान न वळवता, दुसरं बोंड धरत, त्यांना ओरडून म्हणाले, "वेट, वेट! आय अॅम लर्निंग!"

बोलून गेले आणि थबकले. ते वाक्य मी आधी मराठीत जुळवलं नव्हतं.